टूरमधले गृहस्थ

फुजैरा, मे २००१

ती. अण्णा,

तुम्हाला हौसेनं जपानला नेलं ते मीच. योकोहामाच्या धक्क्यावर वैभवीची दुबईतली मैत्रीण आई-वडिलांसोबत अचानक भेटली. तुमचं धोतर, माकडटोपी बघून वैभवी त्यांना म्हणाली, "ही इज फ्रॉम अवर टूर ग्रुप."

मी तिची आई, तुमची मुलगी, पण गप्प राहिले. वाटलं, तुम्हाला कळलं नसेल.

तुम्ही पुढे येऊन पाण्याची बाटली माझ्या हातात दिलीत. "मॅडम, तुमच्या मुलीची राहिली होती," म्हणालात आणि हॉटेलपर्यंत आमच्यापासून लांब, मागून चालत आलात.

आज गावी फोन लावला. तुम्ही विचारलंत, "कोण बोलतंय?"

मी फोन ठेवला.

सुहासिनी