मेडिंगची बाटली

८ जानेवारी, सकाळ
ही वही लिहावी लागते आहे, कारण हॉस्पिटलच्या वहीत गोळी घेतल्याची फक्त खूण करायची आहे. संशय लिहायला रकाना नाही. माझंच शरीर माझ्या केसांवर उठलं आहे, म्हणे. भुवयाही गेल्या. दोन औषधांपैकी सरस कोणतं, याची इथे चाचणी आहे. गोळ्या फुकट, दिसायला सारख्याच. कुणाला कोणती मिळते हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. चौतीस वर्षं मुख्याध्यापिका होते. उत्तरं कुणालाच ठाऊक नाहीत असा पेपर मी पाहिलेला नाही.
संकल्प: जूनमधलं शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं भाषण स्कार्फशिवाय.

१२ मार्च
माझं डोकं कोरं. माझी जुनी विद्यार्थिनी मेडिंग बाजारात मासे विकते, तीही चाचणीत आहे. तिला तांदळाएवढे केस आले. म्हणाली, "बाई, गणितात दोनदा नापास केलंत. इथे बघा, पहिल्या खेपेला पास."
नर्स जोसेलिन म्हणते, धीर धरा, काहींना आठ महिने लागतात. जोसेलिन मेडिंगकडूनच मासे घेते. नोंद केली.

१३ मार्च
सरस औषध तिला, उरलेलं मला. उघड आहे. बाटल्या बदलायचं ठरवलं. मेडिंग म्हणाली, "नको ना, बाई. परवा नवऱ्यानं डोक्यावरून हात फिरवला. किती वर्षांनी." म्हटलं, पुढच्या तपासणीपर्यंत चारच आठवडे, तेवढ्यानं काही बिघडत नाही. वर्गातला आवाज काढावा लागला. दिली.

२ एप्रिल
उजव्या कानशिलावर लव. निश्चित. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, टॉवेलचा धागा आहे. तिची नजर लहानपणापासून कमजोर.

९ एप्रिल
बाटल्यांवर नंबर असतात. जोसेलिननं वाचले. मी काही बोलायच्या आत मेडिंग सगळं सांगून मोकळी झाली. नियम मोडला म्हणून दोघींनाही चाचणीतून काढलं. कुणाला कोणतं औषध हे ज्यात लिहिलेलं असतं, ते बंद पाकीट डॉक्टरांनी उघडलं. दोघींना एकच औषध होतं. म्हणूनच माझ्या बाटलीवरही मेडिंगचे केस वाढत राहिले, असं त्यांचं म्हणणं. पाकीट आधी कुणी उघडलं नव्हतं कशावरून?
मेडिंगनं विचारलं, "गोळ्या थांबल्या तरी हे राहतील ना, डॉक्टर?" डॉक्टरांनी बाटल्या परत मागितल्या.
जमा केलं: बाटल्या दोन, शिल्लक गोळ्या चार. माझ्या हातातली मी लगेच दिली. दुसरी मेडिंगच्या मुठीत होती. ती मला सोडवून घ्यावी लागली.