मागची उजवी जागा

३ मार्च
एमआरआय विभागातला पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर! दादाला फोनवर सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. खोली थंडगार, मशीनचा खडखडाट कानठळ्या बसवणारा. पहिला पेशंट बेकरीवाला. भट्टीत ट्रे सरकवताना उजवा खांदा निसटतो म्हणाला. त्याला हात डोक्यामागे घेऊन झोपवलं. तसा ताण दिला की सांध्याच्या वाटीची फाटलेली कड नीट दिसते. हाडाच्या गोळ्यावर मागून खाच होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, निखळणाऱ्या खांद्यात ती असतेच. पण एकच असते. इथे ओळीने चार होत्या.

११ मार्च
बेकरीवाला गेला, बसल्या जागी. आज त्याचे शेजारी आले, चित्रकलेचे मास्तर. कधी पडले नाहीत, कुणी हात पिरगाळला नाही. बेकरीवाल्याला मागून उजवीकडे खांदा दिला, तेव्हापासून सांधा जागेवर राहत नाही म्हणाले. बाकीचे तिघे खांदेकरी ठणठणीत. स्कॅनमध्ये मागे चार खाचा आणि पुढे एक, अंगठ्याच्या जागी. मी हसण्यावारी नेलं.

१९ मार्च
मास्तरही गेले. पेशंटना टेबलावर चढवणारे आमचे मामा त्यांचे जुने दोस्त. त्यांनीच खांदा दिला, मागून, उजवीकडे. आज मामाच टेबलावर. चार आणि एक. मला भीती वाटते आहे.

२६ मार्च
मामा गेले. तीन जागा पटकन भरल्या. मागची उजवी रिकामी. मामी माझ्याकडे बघत राहिल्या, मला नाही म्हणवेना. चालताना खांद्यावर काहीतरी आवळलं— घरी शर्ट काढताना सांधा खळकन—

२८ मार्च
माझा स्कॅन. चार मागे. एक पुढे.
दादाला सगळं सांगितलं. माझं काही झालं तर शववाहिनीतून ने म्हटलं, तू मला खांदा देऊ नकोस. तो हसला. लहानपणी तुला खांद्यावर मीच मिरवलं, आता दुसऱ्या कुणाला देतोय होय, म्हणाला. फारच वाटत असेल तर लिहून ठेव. तुझं पाल्हाळ मी वाचणार नाही, पण शेवटच्या ओळीत असेल ते करीन. शब्द दिलाय त्याने. दिला शब्द तो मोडत नाही.

२ एप्रिल
सकाळपासून खांद्यावरची बोटं घट्ट— पेन सुटतो— डाव्या हाताने जमत नाही—
दादा, पाल्हाळ नाही. ठरल्याप्रमाणे शेवटची ओळ—
मला खांदा दे