स्लाइड स्वच्छ आहे

२ फेब्रुवारी
पहिला दिवस झकास गेला. इस्पितळातली थुंकी तपासायची खोली आता माझी. ओटा, बर्नर, मायक्रोस्कोप आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. पेशंट तिथूनच डबी आत देतात. मी पदवीवाला नाही. जुनी पुस्तकं आणि भंगारातला मायक्रोस्कोप यांवर डोळे झिजवून शिकलो. पण निळ्या रंगावरची टीबीच्या जंतूची लाल काडी माझ्या नजरेतून सुटायची नाही. सिस्टरनं दुपारपर्यंत माझं नावही पाडलं, भिंगवाले. आवडलं, तसं दाखवलं नाही.

५ फेब्रुवारी
एड्सच्या ओपीडीतून एक शिंपी आला. रोजचा ताप, कोरडा खोकला, अंगावर कपडे लोंबतायत. म्हणाला, जन्मभर लोकांचे उसवून बेतले, आता स्वतःचे बेतायची पाळी आली. स्लाइड या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली. स्वच्छ.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की, एड्समध्ये टीबी असूनही स्लाइडवर जंतू बरेचदा सापडत नाहीत. उरलेली थुंकी अंगणापलीकडच्या, मोजके जंतूही पकडणाऱ्या मशीनवर पाठवा, पेशंटला परस्पर काही सांगू नका. म्हणजे माझ्या नजरेवर भरवसा नाही तर! डबी फेकून दिली. खिडकीतूनच शिंप्याला सांगितलं, "टीबी नाही. खुशाल घरी जा." बाईंना न भेटताच तो गेला.

१९ फेब्रुवारी
शिंपी पुन्हा आलाच नाही, म्हणून बाईंनी चौकशी केली. आवाज चढवला नाही. डबी कुठे आहे, एवढंच विचारलं. सिस्टर म्हणाली, "भिंगवाले, तुम्हाला दिसलं नाही की ते जगात नसतंच, होय ना?"

त्याला आणायला मलाच धाडलं. दार बायकोनं उघडलं. टीबी मेंदूत गेला होता. दुसऱ्या इस्पितळात औषध सुरू होईतो उशीर झाला, काल गेला. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो, म्हणाली. रडली नाही. खोकली. तिलाही एड्स आहे. उद्या तपासणीला ये, एवढंच कसंबसं बोललो.

२० फेब्रुवारी, सकाळ
खिडकीबाहेर खोकला. कोरडा, ओळखीचा. उघडून पाहिलं, बाक रिकामा. लावली की पुन्हा सुरू. सिस्टरला विचारलं. तिला काहीच ऐकू येत नाही.

दुपार
ती आली. डबी दिली, बाकावर बसली. शेजारी तो. भर उन्हात. लोंबते कपडे. तिला दिसत नाही — मला दिसतो.

स्लाइड स्वच्छ. डबी मशीनवर न्यायलाच हवी, तिला तरी औषध वेळेवर — पण अंगण ओलांडायचं म्हणजे त्याच्या समोरून —

नंतर
बाकावर आता ती एकटीच. खोकला खोलीत. मानेवर ऊन श्वास. म्हणतो, "नीट बघा."

पाहिलं. निळं. नुसतं निळं. मग भिंगाच्या पलीकडून एक डोळा —

दार उघडत नाही. हाका मारतोय, आवाजच फुटत नाही —

बाई, तिची डबी ओट्यावर आहे. मशीनवर न्या. स्लाइड स्वच्छ आहे म्हणून तिला कुणी नाही असं सां