प्रिन्सची तब्येत आणि माझं प्रमोशन

सोमवार, ४ मार्च
आयुष्याला कलाटणी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. मॅडमचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, लाडका हंस आजारी आहे. हंस म्हणजे चित्रातला डौलदार मानेचा नव्हे. पाळीव, पांढरा, जाडजूड, इंग्रजीत गूज म्हणतात तो. नाव प्रिन्स. एका जागी बसून असतो, खात नाही. आणि साहेब-मॅडम उद्याच मुलीच्या बाळंतपणासाठी बाहेरगावी निघणार. कोणी विश्वासू माणूस मिळेल का, असं साहेब छताकडे बघत म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

आधी घुम्याला विचारलं होतं म्हणे. घुम्या म्हणजे माझ्या हाताखालचा ज्युनिअर. दिवसभरात बोलला तर चार शब्द बोलतो. तो सरळ नाही म्हणाला. सर, मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, आणि टेबलावर काम पडलंय. साहेबांच्या तोंडावर! यालाच म्हणतात पायावर धोंडा मारून घेणं. येत्या पंधरवड्यात डेप्युटी मॅनेजरची खुर्ची रिकामी होतेय. उमेदवार दोनच होते, मी आणि तो. आज संध्याकाळपासून एकच.

घरी सांगितलं. हिने विचारलं, पक्ष्यांतलं तुम्हाला तरी काय कळतं? म्हटलं, मला माणसांतलं कळतं, तेवढं पुरे. ही बराच वेळ हसत होती.

मंगळवार, ५ मार्च
रजा टाकली. माझ्याशिवाय ऑफिसचं काय होणार ही काळजी आहेच. फोन चार्ज करून हाताशी ठेवलाय.

सकाळी साहेबांच्या ड्रायव्हरने प्रिन्सला टीव्हीच्या खोक्यातून आणून सोडलं आणि हात झटकून जिना उतरला. सोबत क्रीम बिस्किटांचे पुडे आणि जनावरांच्या डॉक्टरबाईंचा नंबर. नंबर फाडून टाकणार होतो, हिने काढून घेतला. डॉक्टरच बोलवायचा तर साहेबांनी मला कशाला निवडलं असतं?

प्रिन्सला बाथरूम दिली. तो फरशीवर बसला आणि माझ्याकडे पाठ केली.

सासूबाईंनी विचारलं, हे बदक कुणाचं? म्हटलं, बदक नाही, हंस आहे. मग बदकासारखं का दिसतंय, म्हणाल्या. सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला वर्ष होत आलं. सासरे गेल्यापासून मागच्या खोलीत खिडकीशी बसून असतात. आज मुद्दाम उठून बाथरूमपर्यंत आल्या, प्रिन्सचा अपमान केला आणि परत गेल्या. म्हणजे घरात नुसतं बसून राहणारे आता दोन. प्रमोशन झालं की त्यांना मेहुण्याकडे पाठवायचा विषय काढायचा. डेप्युटी मॅनेजरच्या घरात एक खोली मोकळी हवी.

बुधवार, ६ मार्च
हंस दूध आणि पाणी वेगळं करतो असं शाळेत शिकवलं होतं. बुद्धी शाबूत आहे का ते तपासायला वाडग्यात दोन्ही मिसळून ठेवलं. प्रिन्सने सगळं माझ्या पायजम्यावर ओतलं. काहीही वेगळं झालं नाही.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. निदान पक्कं: हा आजार शरीराचा नाही, वृत्तीचा आहे. माणूस काम टाळायला बसून राहतो हे मी ऑफिसात रोज बघतो. तिथे सगळे माझ्याकडे बघून शिकतात. एकदा ऊठ म्हणणारा कोणी भेटला की आपोआप चालायला लागतात. मोटिव्हेशनचा प्रश्न आहे.

दार लावून त्याच्याशी अर्धा तास बोललो. ध्येय, शिस्त, टीम स्पिरिट. ऐकताना त्याने डोळे मिटले होते. एकाग्रता दांडगी. ही बाहेरून दार वाजवत होती, कोणाला आंघोळ करायची आहे की नाही?

ऑफिसातून फोन नाही. माझ्या विश्रांतीचा विचार करत असावेत.

गुरुवार, ७ मार्च
मॉर्निंग वॉक सुरू. प्रिन्सला गच्चीवर नेलं. चार पावलं टाकून बसला. झाडूने मागून हळूच ढकललं. पुन्हा चार पावलं. मी पुढे बिस्किट धरून उलटा चालत होतो. पाण्याच्या टाकीवर आपटलो. टार्गेट: टाकीभोवती पाच फेऱ्या. साध्य: अर्धी फेरी, त्यातही झाडूचा वाटा मोठा.

परत येताना दंडाला कडकडून चावला. शुभ लक्षण. प्रतिसाद देतोय.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तो लंगडतोय. म्हटलं, नाटकं आहेत. त्या म्हणाल्या, नाटकं करणारा असा पाय उचलून धरत नाही. या वयात नजर अधू होते. मनावर घेतलं नाही.

शनिवार, ९ मार्च
कालही वॉक झाला. आजपासून दोन वेळा करायचं ठरलं होतं, पण सकाळी प्रिन्स उठेचना. मान खाली टाकलेली. बिस्किटाकडे बघितलंसुद्धा नाही.

हिने मला न विचारता डॉक्टरबाईंना बोलावलं. घरात माझ्या शब्दाला किंमत नाही. बाईंनी प्रिन्सला आडवं केलं आणि पाय उलटा करून दाखवला. तळव्याला गळू, भोवती लाल, मध्ये काळी खपली, आत पू. कठीण फरशीवर राहून आणि बिस्किटं खाऊन वजन वाढल्यामुळे हे होतं म्हणाल्या. बरं होण्यासारखं होतं, पण याला सिमेंटवरून चालवलं कोणी?

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी सरळ बोटच दाखवलं.

इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं तर काही करता येणार नाही, असं म्हणून बाईंनी इंजेक्शन दिलं. खाली जाड मऊ अंथरूण, कोमट मिठाच्या पाण्यात पाय, मग मलमपट्टी, सकाळ-संध्याकाळ गोळी, पालेभाज्या आणि दाणे. बिस्किट बंद. भाषण बंद. हे शेवटचं हिने घुसडलं.

मी घाबरलो. प्रिन्स मेला तर साहेबांना काय तोंड दाखवू? आधी फक्त तेवढंच डोक्यात होतं, हे कबूल करतो. पण संध्याकाळी त्याने मान उचलून पाणी प्यायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, तेव्हा खुर्ची क्षणभर विसरलो. मग पुन्हा आठवली.

रविवार, १० मार्च
गोळी देण्याचा प्रयत्न. गोळी माझ्या बाहीत, चोच माझ्या बोटाला. दुसरी गोळी: टबाखाली. तिसरी सापडली नाही.

सासूबाई आल्या. आपली जुनी गोधडी बाथरूममध्ये घातली, पाटावर बसल्या, प्रिन्सला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, गोळी केव्हा आत गेली कळलंही नाही. मग पाय कोमट पाण्यात धरून बसल्या. ए ठोंब्या, हलू नको, तुझे लाड करायला मला वेळ नाही, असं म्हणत तासभर लाड चालले होते.

काम डेलिगेट केलं. योग्य काम योग्य माणसाकडे सोपवणं हीच खरी मॅनेजमेंट. ओव्हरऑल सुपरव्हिजन माझ्याकडे. दाराशी खुर्ची टाकून बसलो. सासूबाई म्हणाल्या, उजेड अडवू नका.

मंगळवार, १२ मार्च
साहेब परतले, मॅडम मुलीकडेच थांबल्या. नात झाली. साहेबांना रिपोर्ट देण्यासाठी फोन केला: पेशंट स्थिर, प्रगती उत्तम, सिमेंटचा उल्लेख टाळला. रजा वाढवून मागितली. सावकाश या, काही घाई नाही, इकडे सगळं सुरळीत आहे, म्हणाले. केवढं मोठं मन! वरिष्ठ असा हवा.

मग घुम्याला फोन. वर्षभर रखडलेल्या तक्रारींचं काय झालं विचारलं. निकाली काढल्या म्हणाला. कुठल्या? सगळ्या. कशा काय? सर, माणसांना फोन केले, काय अडलंय ते विचारलं, करून दिलं. ही काय पद्धत झाली? ना मीटिंग, ना पाठपुरावा. मी ते विषय एवढे दिवस मुरत ठेवले होते. परत गेल्यावर सगळं पुन्हा उघडावं लागणार. म्हटलं, अडचण आली तर केव्हाही फोन कर. हो म्हणाला. उद्यापर्यंत येईलच फोन.

गुरुवार, १४ मार्च
फोन आला नाही. मोबाइल बंद पडलाय का म्हणून घरातल्या फोनवरून लावून पाहिला. चालू आहे.

मोठी बातमी: प्रिन्स उभा राहिला! पालक खाल्ला, मेथी खाल्ली, डॉक्टरबाईंच्या पर्सचा पट्टाही थोडा खाल्ला. जखम भरतेय, हाड वाचलं. कमाल शुश्रूषा केलीत, असं बाई म्हणाल्या. मी थँक यू म्हणालो. त्या सासूबाईंशी बोलत होत्या असं हिचं म्हणणं.

साहेबांना फोटो पाठवला. प्रिन्स माझ्याजवळ थांबेना, म्हणून सासूबाईंनी खाली बसून त्याला धरलं. फोटोत त्यांचे हात येत होते, ते कापले. साहेबांकडून उत्तर म्हणून अंगठा आला. ज्यांना साहेब माहीत आहेत, त्यांना त्या अंगठ्याचा अर्थ कळेल. रविवारी नवा शर्ट घ्यायचा.

शनिवार, १६ मार्च
प्रिन्स घरभर फिरतो, म्हणजे सासूबाई जातात तिथे फिरतो. त्या स्वयंपाकघरात, हा स्वयंपाकघरात. त्या गच्चीत, हा गच्चीत, तेही त्यांनी अंथरलेल्या गोधडीवरून. मी दिसलो की मान लांब करून फुसकारतो. आजारपणाचा राग डॉक्टरवर निघतो तसं असावं.

दुपारी त्याने माझा मोजा पळवून सासूबाईंच्या पायाशी ठेवला आणि त्या मोठ्याने हसल्या. ही पोळ्या लाटायची थांबली. आई वर्षभरात पहिल्यांदा हसली, म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत बसली. मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं. मोजा माझाच होता हे सांगितलं, पण कोणी लक्ष दिलं नाही.

सोमवार, १८ मार्च
नवा शर्ट घालून ऑफिसला गेलो. माझं टेबल स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ मी ते कधीच पाहिलं नव्हतं. डेप्युटी मॅनेजरच्या केबिनमध्ये घुम्या बसला होता. मला बघून उठून उभा राहिला आणि खाली बघत राहिला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. तुमचे उपकार विसरणार नाही म्हणाले. मॅडम आता नातीत गुंतल्यात, परतल्यावरही त्यांना पक्ष्याचा व्याप नको. तेव्हा प्रिन्स तुमच्याकडेच राहू दे, तुमचा जीव जडलाय. मग पाणी प्यायले. म्हणाले, तुम्ही रजेवर होता तेव्हा तुमचा विभाग फार छान चालला. इतका छान, की तिथे साहेब म्हणून कोणी बसवायची गरज काय, असा प्रश्न वरून आला.

मी म्हणालो, सर, पण घुम्या तुम्हाला तोंडावर नाही म्हणाला होता. हो, म्हणाले, तेव्हाच तो माझ्या डोळ्यात भरला.

समोर कागद ठेवला. स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कोणाची ते विचारायचं राहून गेलं. सही केली.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मधल्या जिन्यात कठड्याला धरून उभा राहिलो. ओळखीचे दोघे-तिघे गेले, कसं काय म्हणाले, मी मजेत म्हणालो.

मंगळवार, १९ मार्च
घरी सांगितलं की आता मला पूर्ण वेळ मोकळीक दिली आहे, सल्लागारासारखी. हिने चहा दिला, पाठीवर हात ठेवला. तो हात ठेवायला नको होता. डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाईंना म्हणालो, आजपासून प्रिन्सची सगळी जबाबदारी मी घेतो, तुम्ही आराम करा. नको, म्हणाल्या, तो घाबरतो तुम्हाला. पण रिकामं बसून माणूस वाळतो, मला ठाऊक आहे. हाताखाली घेते तुम्हाला. टबातलं पाणी तेवढं भरत जा. महिनाभर बघू, जमलं तर पाल्याचं काम देईन.

चार बादल्या आणून टब भरला. सासूबाईंनी बोट बुडवून पाहिलं. मी आत जाईपर्यंत थांबल्या, मग, दाराच्या फटीतून दिसलं, ते पाणी ओतून दिलं आणि स्वतः दुसरं भरलं.