तेरा वर्षांचा तक्ता

रत्नागिरी,
ता. ९ फेब्रुवारी १९३४

चि. आत्माराम यास सगुणाताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खानावळ चालली आहे, विहिरीला पाणी आहे, गुडघा सोडला तर माझे काही दुखत नाही. तुझ्या बायकोने, गंगेने आणलेली आमसुले मिळाली असे तिला सांग. ती आमसुले द्यायला आली नव्हती हे मला दारातच कळले होते, पण बिचारीला तसे म्हटले नाही. निरोप्याला कशाला बोलायचे.

तुझे घर माझ्या पडवीतून दिसते आणि मी तुला पत्र लिहिते, याचे तुला हसू येईल. येऊ दे. मी तोंडाने बोलायला लागले की तू टोपी घालून उठतोस. कागद वाचताना निदान बसावे लागते.

काल कोर्टातले कारकून जेवायला आले, त्यांतल्या एकाने साप्ताहिक माझ्यापुढे धरले. म्हणाला, सगुणाबाई, भावाचे नाव छापून आलेय, आज गोड काहीतरी वाढा. वर ठळक अक्षरांत, शहरातील गुन्ह्यांत मोठी घट. खाली तक्ता. एकवीस साली एकशे सत्त्याऐंशी, पंचवीस साली एकशे बेचाळीस, एकोणतीस साली अठ्ठ्याऐंशी आणि गेल्या साली एक्केचाळीस. शेवटी लिहिलेय की हवालदार आत्माराम यांनी तेरा वर्षांचे आकडे परिश्रमपूर्वक जुळवले. परिश्रम घेतलेस हे खरे आहे. गोड मात्र मी वाढले नाही. कुळथाची पिठी होती, तीच वाढली.

तेरा वर्षांत तीन फौजदार आले नि गेले. प्रत्येकाला आधीच्यापेक्षा आकडा खाली हवा होता. लिहिणारा हात मात्र तुझा एकट्याचा. तू ते कसे करतोस हे मला कुणी शिकवायला नको. माणूस रडत आला की तू म्हणतोस, साक्षीदार आण. साक्षीदार आणला की साहेब दौऱ्यावर. साहेब आले की म्हणतोस, नीट आठवून बघ, वस्तू तूच कुठे ठेवली असशील. चौथ्यांदा कोण येतो? पोट आहे प्रत्येकाला.

आता माझे सांगते. हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही.

तुझ्या तक्त्यातली घट नुसती तुझी नाही, माझीही आहे. बायका चौकीत जायला भितात, म्हणून आधी माझ्याकडे येत. हवालदाराची बहीण, भावाला सांगेल. शेजारच्या गोदाचा तांब्याचा हंडा परसातून गेला तेव्हा ती माझ्याकडे आली. मी तिला म्हटले, चौकीची पायरी कशाला चढतेस, देवाला कौल लाव. कोळंबी विकणाऱ्या चिमाच्या कानातली बुगडी भर बाजारात ओढली, पाळ फाटून रक्ताने पदर भिजला. तिलाही मी तेच सांगितले. सदूच्या होडीवरचे जाळे गेले, त्यालाही तिकडेच धाडले. विठू गुरव देवाला पाकळ्या लावी. उजवी पडली तर चोर पूर्वेचा, डावी पडली तर पश्चिमेचा. पश्चिमेला आपल्याकडे समुद्र आहे. हंडा काही मिळाला नाही.

एकदा विठू मला म्हणाला होता, बाय, तुमची चौकी ओस पडलीय आणि माझ्या देवाला जेवायला फुरसत नाही. मी हसले होते. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, तुला मी वाढवले. तुझ्या पाठीवर साहेबाची थाप पडावी यापलीकडे मला काही दिसत नव्हते. गोदाच्या हंड्याहून मला तुझी शाबासकी मोठी वाटली. याची मला लाज वाटते, आणि ती मी तुझ्यावर ढकलत नाही.

पण माझ्या मालनचे तुझ्यावर ढकलते.

तीस सालच्या दिवाळीत पोर सुजलेले तोंड घेऊन माझ्या दारात आली. रघूने मारले होते. तेव्हा मीच तिला गप्प केली. म्हटले, मामा चौकीत आहे, लोक काय म्हणतील. नवरा आहे, होईल शांत. दोन दिवस हळद लावून परत पोचवली. ते पाप माझे. पुढच्या वर्षी शिमग्यात तिच्या पाठीवर मिठाच्या गोणीच्या दोरीचे वळ होते, तेव्हा मात्र तिला हाताला धरून तुझ्याकडे आणली. तुला आठवत असेल. तू शिपायाला बाहेर काढलेस, मालनला पाणी दिलेस, दौत पुढे ओढलीस आणि लिहायला बसलास. ती सांगत होती, तू लिहीत होतास. मध्ये एकदा तुझे डोळे भरले होते, मी पाहिले. पुरे पानभर लिहून तू वाचून दाखवलेस. घरी येताना मी मालनला म्हटले, दुसऱ्यांचे काहीही होवो, मामाने तुझे लिहिले.

त्या एका पानावर आम्ही तीन वर्षे काढली, आत्माराम. रघूने हात उगारला की ती म्हणायची, माझे चौकीत लिहिलेले आहे. तो थोडा दबायचा.

गेल्या श्रावणात त्याने तिचे मनगट मोडले, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. त्या वेळीही मी तुला निरोप धाडला. पहिली फिर्याद आहेच, तीत हे घालू, असे तू कळवलेस, आणि मी मूर्खासारखी निर्धास्त राहिले. मग रघूने बायको नांदायला पाठवा म्हणून दावा लावला. आमच्या वकिलांनी त्या फिर्यादीची नक्कल मागितली. पंधरा दिवसांनी उत्तर आले: सदर नावाची कोणतीही फिर्याद या चौकीत दाखल नाही.

मी ते उत्तर वकिलांकडून चारदा वाचवून घेतले. मला वाचता येत नाही म्हणून नव्हे.

तू रजिस्टरात नव्हे, सुट्या कागदावर लिहिलेस. आम्ही पायरी उतरलो आणि तू तो चुलीत घातलास की नाल्यात, ते तुला ठाऊक. गोदाला तू निदान तोंडावर नाही म्हणाला असतास. आपल्या भाचीपुढे तू नाटक केलेस.

आणि आता रघूचा वकील काय म्हणतो ऐक. भर कोर्टात म्हणाला, मुलीचा सख्खा मामा चौकीत लिहिणारा, तरी तीन वर्षांत एक ओळ नाही. यावरूनच मारहाण झाली नाही हे सिद्ध होते. न्यायाधीशांनी मान हलवली. तुझ्या कोऱ्या पानाने रघूची साक्ष दिली. सव्वीस तारखेला पुढची सुनावणी आहे. तेव्हाही आमच्या हातात काही नसले तर पोरीला त्या घरात परत जावे लागेल, आणि या वेळी ती तिथून उठून येईलच असे मला वाटत नाही.

त्या दिवशी कोर्टातून आल्यावर मालन भाकरी थापत बसली, एका हाताने. थापता थापता म्हणाली, "आई, मामाने लिहिले नाही म्हणजे ते झालेच नाही का?"

त्याचे उत्तर मी आता देते आहे.

गंगेबरोबर तू सांगून पाठवलेस की मार्चात मोठ्या साहेबांची तपासणी आहे, जमादारी तोंडाशी आली आहे, रघू यापुढे हात लावणार नाही असे लिहून द्यायला तयार आहे, तेव्हा मालनची समजूत घालून पाठव. रघू लिहून देतो! कशावर देणार, तुझ्या सुट्या कागदावर? नाही पाठवत. तुझी जमादारी गेली तर माझ्या खानावळीत दोघांचे जेवण जास्त होईल, ते मी वाढीन, आणि ओरडत वाढीन. पण माझ्या पोरीच्या हाडांवर तुला फीत मिळणार नाही.

कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही. मी गेला आठवडाभर घरोघर फिरले. ज्यांना मी देवाकडे धाडले होते त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि माझे चुकले म्हटले. गोदाने मला बसायला पाटसुद्धा दिला नाही, उभ्या उभ्या ऐकवले, आणि मग म्हणाली की कोर्टात येते. चिमा येते, फाटलेली पाळ दाखवते म्हणाली. सदूही येतो. हवालदार लिहून घेत नाही एवढेच ते सांगणार आहेत. विठू गुरवाला विचारले, तर म्हणाला देवाची परवानगी घ्यावी लागेल. मी म्हटले, पाकळी कुठेही पडू दे, तू ये.

तुझा तक्ता यंदा वर जाईल. साप्ताहिकात छापून येईल की शहर बिघडले. छापू देत. शहर होते तसेच आहे, फक्त लोक आता आपले गाऱ्हाणे घेऊन पुन्हा तुझ्या दारात येणार आहेत, आणि त्यांना मी घेऊन येणार आहे.

सोबत दुसरा कागद आहे. ती मालनची फिर्याद. शिमग्यातले वळ, श्रावणातले मनगट, तारखा, डॉक्टराची चिठ्ठी, सगळे आहे. हाड मोडले की गुन्हा लिहावाच लागतो, हे मला तूच जेवताना सांगितले होतेस. उशीर का झाला, तेही तिने लिहिले आहे: पहिली फिर्याद हवालदाराने घेतल्याचे दाखवून घेतली नाही. तुझे नाव लिहिताना तिचा हात थांबला होता. लिही म्हणून मी सांगितले.

हा कागद फाडायचे मनात येईल, तर त्याआधी एवढे वाच. हे पाकीट मी तुझ्या घरी धाडलेले नाही, चौकीच्या पत्त्यावर, तुझ्या हुद्द्यानिशी, रजिस्टर करून धाडले आहे. फिर्यादीची दुसरी प्रत वकिलांकडे आहे. पोस्टमनने तुला हे देण्याआधी पोचपावतीवर तुझी सही घेतली, आणि ती पावती सव्वीस तारखेच्या आत माझ्याकडे परत येईल. तेरा वर्षे तू कुणाचा कागद हातात घेतला नाहीस. हा घेतलास.

आता रजिस्टर काढ आणि नंबर टाक.

फिर्यादीची आई,
सगुणा