लेबल नसलेली बाटली

नांदूरघाट,
शनिवार, १९ एप्रिल २०२५

आदरणीय गहिनीनाथ सरांना,
दीपमालाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. आई-बाबा ऊसतोडीवरून मागच्या आठवड्यात परत आले. बाबांचा गुडघा सुजला आहे. मी केजच्या त्याच लॅबमध्ये आहे, रक्त-लघवीचे नमुने तपासते. सकाळी साडेआठच्या गाडीने जाते, सहाला घरी येते.

तुम्ही फोनवर म्हणालात, "सोमेश्वरची औषधापायी लागलेली दोन वर्षांची बंदी संपली. मागं मी त्याच्यासाठी जामीन राहिलो आणि तोंडावर पडलो. आता तू लिहून दे, दीपे. तुझ्या शब्दावर परत कबड्डीच्या संघात घेतो." सोमवारी सोमेश्वरदादा पुण्याला तुमच्यासमोर उभा राहील तेव्हा पत्र सोबत असावं, असं ठरलं. तेच हे पत्र.

आधी जे मोजता येतं ते. वजन ८१ किलो. रोज पहाटे पाचला मैदानावर असतो. कबड्डीच्या मुलांना शिकवतो, दारू घेत नाही. दोन वर्षांत मी त्याचं रक्त चार वेळा तपासलं, चारही रिपोर्ट जोडले आहेत. उजवा खांदा मात्र पूर्ण वर जात नाही. हे तो तुम्हाला सांगणार नाही. शर्ट घालताना तो आधी उजवा हात बाहीत सारतो, मग डावा. मी पाहिलं आहे.

इथपर्यंत बुधवारीच लिहून झालं होतं. पुढचं वाक्य "तो पुन्हा तसलं औषध घेणार नाही, याची मी हमी देते" असं हवं होतं. ते लिहिता येईना.

सर, मला भीती वाटते. लॅबमधल्या सुया मी हल्ली मोजून कुलपात ठेवते. घरी आले की पाणी पिण्याआधी कचऱ्याचा डबा बघते. दादाला अंघोळीला वेळ लागला की हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहते. फोनवर तुमचं नाव आलं की मी लगेच उचलत नाही.

याला कारण आहे. ते मी दोन वर्षं लिहिलेलं नाही.

डिप्लोमाच्या सुट्टीत मी आई-बाबांकडे उसाच्या फडावर जायचे. एक दिवस खाडा पडला तरी मुकादम बोलायचा, म्हणून टोळीत कुणी बसायचं नाही. कंबर धरली, खांदा भरला की दुखणं थांबवणारी सुई घ्यायची आणि कोयता उचलायचा. टोचायला मी होते. संध्याकाळी आमच्या पाचटाच्या कोपीच्या दारात रांग लागायची. टोळीतली बायडाबाई म्हणायची, "दीपाचा हात लई हलका हाय, टोचल्यालं कळतबी न्हाई." मला त्याचा अभिमान होता. दुखलं की बसायचं असतं, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

बंदी आली त्या कबड्डीच्या हंगामाआधी दादा एक बाटली घेऊन आला. खांदा धरलाय म्हणाला. बाटलीचं लेबल फाटलेलं होतं. लेबल नसलेला नमुना मी लॅबमध्ये स्वीकारत नाही, परत पाठवते. ती बाटली मात्र मी घेतली, आणि काय आहे ते विचारलं नाही. सहा वेळा टोचलं.

स्पर्धेच्या तपासणीत ते औषध सापडलं, आणि चौकशीत दादा म्हणाला, माझं मीच टोचून घेतलं. बाहेर आल्यावर तुम्ही त्याच्या कानाखाली मारलीत. मी जिन्यात उभी होते. नोकरी लागून मला अकरा दिवस झाले होते. मी बोलले नाही.

परवा गुरुवारी आईने गव्हाच्या डब्यातून बाटली काढली. टोळीतल्या कुणाकडून तरी आणलेली. तिलाही लेबल नव्हतं. सोमवारपुरती एक दे, म्हणाली. मी नको म्हटलं.

"लई शिकलीस," आई म्हणाली. "आमाला टोचत व्हतीस तवा न्हाई आठवला तुजा कायदा?"

दादाने बाही वर केली होती. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो माझ्या हाताकडे बघत होता. माझ्या हातात कापूस होता, सर. स्पिरिटमध्ये भिजवलेला. तो मी कधी घेतला, मला सांगता येत नाही.

बाटली मी अंगणातल्या दगडावर फोडली. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. दादा काचा वेचायला बसला. खाली बघतच म्हणाला, "बरं केलंस. मला न्हाई म्हनता आलं नसतं."

म्हणून हमी देत नाही. त्याची नाही, माझीही नाही. तरी त्याला घ्या. आधी खांद्याची तपासणी करा, आणि दुखला तर त्याला बसवा. तुम्ही बसवलंत तर तो बसेल. इथे त्याला बसवणारं कुणी नाही. चौकशी समितीला माझं नाव कळवायचं असेल, तर खाली पूर्ण नाव आणि पत्ता दिला आहे.

पाकीट मी चिकटवलेलं नाही, आणि दादाला तसं सांगितलं आहे. एसटीत सहा-सात तास तो आणि हे पाकीट, दोघंच असतील. पत्र तुमच्या हातात पडलं असेल, तर त्याने ते वाचूनच तुम्हाला दिलं आहे. त्याच्याविषयी मला एवढंच लिहून देता येतं.

सोमवारी संध्याकाळी सातला मी फोन करीन. आधी पत्राचंच विचारीन.

ज्या हाताने टोचलं, त्याच हाताने सही करते.

दीपमाला शहादेव मुंडे
मु. पो. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड