चिमाजीभाऊंची तालीम

५ फेब्रुवारी
आळे गावात पोचलो. ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरी, दुकानावरच खोली, पगार परभणीपेक्षा बरा. मी खूश आहे. मागच्या रानात बिरदेव नावाच्या धनगराच्या मेंढ्या बसल्यात. त्यांची बायको तुकाबाई हिनं बोलावून भाकरी वाढली आणि वर विचारलं, "पावणं, लई वाळलात की. आई जेवायला घालत न्हाई व्हय?" आता रोज तिकडेच जेवायचं ठरलंय.

११ फेब्रुवारी
चिमाजीभाऊंच्या तालमीत जातोय. मी तापानं पडलो तर तिथल्या दोघांनी दवाखान्यात नेलं, डबा आणला. सख्ख्या भावानं एवढं केलं नसतं. व्यायामानंतर भाऊ बोलतात. बाहेरचे मजूर गाव गिळतील, म्हणतात. मीही बाहेरचाच, पण मला ते आपला म्हणतात.

१९ फेब्रुवारी
भर दुपारी कांदा काढणाऱ्या एका मजुराला धरलं. चोरी केली म्हणे. काय चोरलं, कुणी विचारलं नाही. भाऊंनी पाइप माझ्या हातात दिला. तिसऱ्या फटक्याला त्याचा गुडघा फुटला, आवाज ऐकू आला. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

२२ फेब्रुवारी
तो मजूर बिरदेवांच्या कापडी पालात आहे. तुकाबाई त्याच्या गुडघ्याला हळद बांधत होती. मला म्हणाली, पाय धर. धरला. त्यानं मला ओळखलं. पाय तसाच माझ्या हातात राहू दिला.

२३ फेब्रुवारी
तालमीत सांगून टाकलं, तो मजूर पालात आहे म्हणून. शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. मिळाली.

२४ फेब्रुवारी
भाऊ म्हणाले, मजूर आणि त्याला आसरा देणारे नवरा-बायको, तिघांनाही संपवायचं. बिरदेवांची कुत्री परक्याला फाडतात, मला ओळखतात. म्हणून पुढं मी. नाही म्हणालो. भाऊंनी मोबाइलवर त्या दिवशीची मारहाण दाखवली. रक्त उडतंय आणि मी — मी हसतोय —

२५, सकाळ
बिरदेवांना सांगायला निघालो. जिन्याखाली तालमीतले दोघं बसलेत. कुणी अडवलं नाही. तरी परत वर आलो —

दुपार
गाडी आली. पाइप जिन्यावर आपटत येतायत. खिडकीतून पाल दिसतं. ओरडलो तर ऐकू जाईल, एवढं जवळ. ओरडत का नाही? भाऊंना काय वाटेल — एवढंच.
दार वाजलं. आलो भाऊ, असं म्हणालोही. बूट घातले. लिहून ठेवतो, मला कुणी ओढत नेलं नाही, मी आपल्या पायांनी—